चिखलाची वजाबाकी

ऐरोली

अनेक आशीर्वाद.

तुझी वही पाहिली. वाशी पुलाजवळच्या चिखलात सेंद्रिय पदार्थ जास्त निघाला म्हणून समासात 'सांडपाणी' लिहून खाली दोन रेघा मारल्यास. त्या तूर्त खोड.

ठाण्याच्या खाडीत सांडपाणी येतं हे कळायला भट्टी लागत नाही, नाक पुरतं. भट्टीचं उत्तर वेगळं असतं. ५५० अंशांवर चार तास जाळून जेवढं वजन घटलं, ते सगळं तू सेंद्रिय धरलंस. पण आपला गाळ बराचसा दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. त्यातली चिकणमाती आपल्या रचनेत पाणी धरून बसते. १०५ अंशांवर वाळवून ते जात नाही, भट्टीत जातं. तुझ्या वजाबाकीत तेही आलंय. शिवाय बारीक कणांना सेंद्रिय पदार्थ जास्त चिकटतो. तुझा दुसरा नमुना रेताड होता ना? मग कणांचा आकार मोजल्याशिवाय दोघांची तुलना कशी करणार?

कार्बन मोजायला डायक्रोमेटची पद्धत वापरलीस (हे रसायन सेंद्रिय कार्बनवर खर्च होतं, किती खर्च झालं त्यावरून कार्बन काढतात) तर चिखलातलं मीठ आधी धू. मी एम.एस्सी.ला असताना धुतलं नव्हतं. मिठातल्या क्लोराइडनेच डायक्रोमेट खाल्लं, कार्बन भरमसाट आला, आणि मी आठवडाभर खुशीत होतो!

सेंद्रिय पदार्थ कुठून आला ते पाहायला कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तरही काढ. समुद्री प्लवकांचं (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांचं) साधारण ७, तिवराच्या पानांचं २०च्या वर. मात्र सांडपाण्याचंही कमीच येतं, म्हणून तेवढ्यावर कुणाला दोषी ठरवू नकोस.

आता नमुन्याच्या पिशवीबद्दल. तू फावड्याने भरलीस, वरचं-खालचं एक झालं. आपल्या चिखलात प्राणवायू जेमतेम काही मिलिमीटर उतरतो. तेवढा थर बदामी. त्याखालचे जिवाणू समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर श्वास घेतात. त्यातून निघालेला सल्फाइड लोखंडाशी जुळला की चिखल काळा पडतो. कुजक्या अंड्याचा वास तिथलाच. तो काळा चिखल उघड्यावर ठेवलास की पुन्हा तपकिरी होतो, म्हणजे प्रयोगशाळेत पोचेपर्यंत निम्मा पुरावा गेलेला असतो.

अमावास्येनंतरच्या उधाणाच्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, जाऊ. थर न मिसळता चिखल नळीत उभा काढायला पुढचं टोक कापलेल्या मोठ्या सिरिंजा, बर्फाचा डबा आणि पाय रुतू नये म्हणून फळी घे. जागा फ्लेमिंगो अभयारण्यात येत असेल तर वनविभागाची परवानगी आधी काढ. निवट्यांची (चिखलात राहणाऱ्या माशांची) बिळं दिसतील तिथली नळी वेगळी ठेवायची. तिथे हवा खोल जाते. बूट नकोत, चिखल ओढून घेतो. माझे दोन गेलेत.