जीएम-सीएसएफची कुपी उघडण्याआधी

पहिल्यांदाच उंदराचं रिकॉम्बिनंट (जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेलं) जीएम-सीएसएफ, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशींची वाढ घडवणारं प्रोटीन, वापरतो आहेस, तर कुपी हातात आल्याआल्या झाकण उघडू नकोस. आतली पावडर इतकी थोडी असते की कधीकधी डोळ्यांना दिसतही नाही. ती झाकणाला चिकटलेली असू शकते, म्हणून आधी थोडा वेळ सेंट्रिफ्यूज कर.

द्रावक माहितीपत्रकात सांगितला असेल तोच घे. तो कुपीच्या कडेने हळू सोड आणि काही मिनिटं तसंच राहू दे. व्हॉर्टेक्स (यंत्रावर जोरात घुसळणं) अजिबात नको. फेस आला की प्रोटीन बिघडतं. पुढे पातळ करताना ०.१ टक्का बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन) घाल, नाहीतर नॅनोग्रॅममधलं प्रोटीन नळीच्या भिंतीलाच चिकटून बसतं आणि पेशींपर्यंत पोचतच नाही. मग छोटे छोटे भाग करून गोठव. एक भाग एकदाच वितळवायचा, उरलेला पुन्हा गोठवायचा नाही. हे मी फार कळकळीने सांगतोय.

अस्थिमज्जेपासून डेंड्रिटिक पेशी (एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी) वाढवणार असशील, तर एंडोटॉक्सिनचा, म्हणजे जीवाणूंच्या आवरणातून येणाऱ्या विषारी घटकाचा, आकडा नक्की बघ. जीएम-सीएसएफ बहुधा ई. कोलाय या जीवाणूमध्ये बनवतात, आणि एंडोटॉक्सिन जास्त राहिलं तर पेशी तुझ्या उत्तेजनाआधीच परिपक्व होतात. उत्तेजन न दिलेल्या कंट्रोल डिशमध्येच सीडी८६ (पेशी परिपक्व झाल्याची खूण असलेलं प्रोटीन) वाढलेलं दिसलं, तर पहिला संशय इथेच घे.

माणसाचं जीएम-सीएसएफ फ्रीजमध्ये पडलंय म्हणून ते उंदराच्या पेशींना देऊ नकोस. त्यांच्यावर ते काम करत नाही. मात्रा साधारण २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलीटरपासून सुरू कर, पण नवा लॉट आला की मात्रा पुन्हा तपासून घे.