जुन्या स्विफ्टमध्ये तीस हजारांत आधी काय बदलू?

तुमची गाडी २००८ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल. १ लाख १० हजार किलोमीटर झालेत आणि हातात ३० हजार रुपये आहेत. के अँड एन कंपनीचा उघडा एअर फिल्टर, फ्री-फ्लो एक्झॉस्ट (धूर मोकळेपणाने सोडणारा सायलेन्सर) आणि रिमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं), यातलं आधी काय करू असं तुम्ही विचारलंय. माझं उत्तर: आत्ता तिन्ही नको. आधी टायर, मग ब्रेक आणि शॉकअप. माझ्याकडेही हीच गाडी आहे, तुमच्यापेक्षा एक वर्ष जुनी, आणि मी हे सगळं उलट्या क्रमाने केलं होतं.

या गाडीतलं १.३ लिटरचं इंजिन नवं असताना ८७ अश्वशक्तीचं होतं आणि त्याला टर्बो नाही. डिझेलवाले मित्र रिमॅपचं इतकं कौतुक करतात, कारण त्यांच्या टर्बोचा बूस्ट, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा दाब, वाढवता येतो. आपल्याकडे वाढवायला बूस्टच नाही. इग्निशनचं टायमिंग आणि पेट्रोलचं प्रमाण जरा सरकवून चार-पाच अश्वशक्ती मिळाली तरी खूप झाली, आणि गाडीत चार माणसं बसली की ती कुठे जाते ते कळतही नाही. उघड्या कोन फिल्टरचं तर त्याहून वाईट. कंपनीचा फिल्टरचा डबा बाहेरची थंड हवा घेतो, कोन मात्र बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. आवाज वाढतो आणि आवाजामुळे गाडी पळतेय असं वाटतं.

मीही पहिले पैसे एक्झॉस्टमध्येच घातले. त्यानंतर महिन्याभरात घरच्यांना घेऊन ताम्हिणीतून माणगावकडे उतरत होतो. मे महिना, मागे आई आणि बहीण, डिकी भरलेली. पाच-सहा वळणं झाल्यावर ब्रेकचं पेडल मऊ लागायला लागलं, ओल्या स्पंजावर पाय ठेवावा तसं. पुढच्या वळणावर ते जवळजवळ तळाला गेलं. दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढत गाडी कडेला घेतली आणि अर्धा तास तिथेच थांबलो. पॅड जळल्याचा वास गाडीत भरला होता. आई एक शब्दही बोलली नाही, त्याचंच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडून दाखवलं. फिकट पिवळं असायला हवं ते ऑइल कोऱ्या चहासारखं झालं होतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ या दर्जाचं कोरं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही हद्द १४० अंशांवर येते. घाटात सतत ब्रेक दाबला की ऑइल उकळतं, पाइपात वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल आत जातं. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत आणि ते आपल्या गाडीला चालतं. जुनं ऑइल पूर्ण काढून, चारही चाकांचं ब्लीडिंग करून (पाइपातली हवा काढून) नवं भरायला सांगा; नुसती वरून भर घालू देऊ नका. सोबत पुढचे पॅड बदला आणि मागच्या ड्रमचे लायनर उघडून बघा. मला हे सगळं मजुरीसकट साडेतीन हजारांच्या आत पडलं. त्या एक्झॉस्टला याच्या तिप्पट गेले होते.

आता टायर. व्हीएक्सआयला कंपनीकडून १६५/८० आर१४ येत होते आणि त्याच गाडीच्या झेडएक्सआयला १८५/७० आर१४. दोन्हींची उंची जवळपास सारखीच, फरक पाच मिलिमीटरचा, म्हणून स्पीडोमीटर बिघडत नाही आणि चाक कुठे घासत नाही. रुंदी मात्र वीस मिलिमीटरने वाढते. तुमच्या लोखंडी रिमवरच ते बसतात, अलॉयची गरज नाही. फक्त साइज बदलण्याआधी विमा कंपनीला विचारून ठेवा. पावसात वळणावर आणि जोरात ब्रेक मारताना जो फरक पडला, तो मला दुसऱ्या कशानेही मिळाला नाही. १८-१९ हजार धरा. घेताना टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचा: २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. दुकानदार दोन-तीन वर्षं पडून राहिलेला माल सवलतीत देत असेल तर नको म्हणा.

उरलेल्यात पुढचे दोन्ही शॉकअप, वरच्या माउंटसकट. एक लाख किलोमीटरनंतर ते हळूहळू इतके ढिले होतात की आपल्याला त्याची सवय होऊन जाते. बाहेरून तेल ओघळलंय का बघा, जुन्या टायरवर हात फिरवून खालीवर खाचा पडायला लागल्यात का तेही बघा. चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर) आणि लिंक रॉड गाडी जॅकवर असतानाच हलवून तपासायचे. पुण्यात असाल तर नाना पेठेत दोन-चार दुकानं फिरून भाव काढा, पण माल बिलासकट आणि कंपनीचाच घ्या.

इंजिनाचं म्हणाल तर नवी ताकद विकत घेण्याआधी हरवलेली परत मिळवा. नवे प्लग, साधा कागदी एअर फिल्टर आणि थ्रॉटल बॉडीची सफाई एवढ्यानेही माझ्या गाडीचा पिकअप सुधारला. चौथ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम चढतात पण वेग वाढत नाही, असं होत असेल तर क्लच प्लेट गेली आहे. मग बाकी सगळं थांबवून आधी ती बदला.

आणखी एक, तुमची गाडी १५ वर्षांची होऊन गेलीय, म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांनी आणि दर वेळी तपासणी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही आणि सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. मला तपासणीआधी जुना सायलेन्सर शोधून परत बसवावा लागला.

बुश बघून कसे आहेत ते कळवा. ते फाटले असतील तर शॉकअपच्या आधी त्यांचा नंबर लावू, आणि चाकांचं अलाइनमेंट हे सगळं झाल्यावर एकदाच करून घ्या.