चिकनमधील चिवट जंतू

प्रश्न : आमच्याकडे रविवारी शागुती नाहीतर काफ्रियाल ठरलेले असते. दुकानातील चिकनमध्ये अँटिबायोटिकलाही दाद न देणारे जंतू आढळतात, असे वाचनात आले. नीट शिजवूनही ते उरतात का? ‘अँटिबायोटिकमुक्त’ असे छापलेले महाग पाकीट घ्यावे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : औषधाला न जुमानणारा जंतू उष्णतेलाही जुमानत नसेल, ही भीती निराधार आहे. मांसाच्या गाभ्याचे तापमान ७४ अंश सेल्सियसपर्यंत पोचले, की साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर आणि ई. कोलाय हे जंतू मरतात, मग ते प्रतिरोधक असोत वा नसोत. शागुती रटरटून शिजते, त्यामुळे तिची चिंता नको. काफ्रियालची तंगडी मात्र वरून खरपूस दिसली तरी हाडाजवळ कच्ची राहू शकते. लिंबू आणि वाटण लावून रात्रभर मुरवल्याने चव येते, पण जंतू मरतीलच असे नाही, आणि फ्रीझरमध्ये तर ते बहुधा नुसते थिजून राहतात.

खरा धोका चूल पेटण्यापूर्वीचा आहे. नळाच्या धारेखाली चिकन धुताना उडणारे शिंतोडे ओट्यावर आणि शेजारी चिरून ठेवलेल्या कोशिंबिरीवर पडतात, आणि कोशिंबीर काही शिजत नाही. म्हणून चिकन धुऊच नये, असे तज्ज्ञ सांगतात. न धुतलेले मांस शिजवायला आपल्याकडे मन धजावत नाही, हे मान्य. तसे असेल तर निदान धार न सोडता पातेल्यातील पाण्यात ते हलक्या हाताने खळबळावे आणि त्यानंतर हात, सुरी, फळी व मोरी साबणाने स्वच्छ करावी.

हे जंतू पोटात गेले, तर आजार होईलच असे नाही. परंतु प्रतिरोधाची जनुके एका जंतूकडून दुसऱ्या जातीच्या जंतूकडेही जाऊ शकतात. कॉलिस्टिन हे अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेले औषध. त्याला निष्प्रभ करणारे असे जनुक चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. भारताने २०१९ मध्ये पशुपालनातील कॉलिस्टिनवर बंदी घातली, ती माझ्या मते फार उशिरा.

आता पाकिटाविषयी. मांसात उरलेला औषधाचा अंश आणि मांसावरील जंतू हे दोन निराळे प्रश्न आहेत. अंश शिजवल्याने पूर्णपणे जाईलच, असे नाही. त्यामुळे खात्रीचा उत्पादक असल्यास जादा पैसे देण्यास हरकत नाही. जंतू मात्र त्या पाकिटातही असू शकतात, तेव्हा त्यालाही फळी वेगळीच वापरावी.