व्हॅम्पायर, विनोद आणि तीन लिटर रक्त

या महिन्याचे प्रश्न एकाच विषयावरचे आहेत : खिशाला परवडेल असा, दहा-पंधरा मिनिटांचा, घाबरवणारा आणि हसवणारा व्हॅम्पायरपट. काही पत्रं आम्ही एकत्र केली आहेत.

खाण्याचा लाल रंग पाण्यात कालवून रक्त केलं. डोळ्यांना बरं दिसतं, पण मोबाइलवर सरबत वाटतं. काय चुकतंय? (सांगली)

पाणी चुकतंय. पाण्यातल्या रंगातून प्रकाश आरपार जातो, म्हणून तो गुलाबी दिसतो. रक्त दाट असतं आणि पलीकडचं काही दिसू देत नाही. बेकरीचं सामान विकणाऱ्या दुकानात लिक्विड ग्लुकोज मिळतं, तिथून सुरुवात करा. ५०० ग्रॅम ग्लुकोजमध्ये १०० मिली कोमट पाणी, केकच्या आयसिंगला वापरतात तो लाल जेल रंग दोन चहाचे चमचे, एक सपाट चमचा कोको आणि एक चमचा कॉर्नफ्लोअर. कोको आणि कॉर्नफ्लोअर आधी वेगळ्या वाटीत थोड्या पाण्यात कालवून घ्या. थेट टाकलं तर गुठळ्या होतात आणि क्लोजअपमध्ये त्या नाचणीच्या आंबिलीसारख्या दिसतात. शेवटी टूथपिकच्या टोकाला लागेल एवढाच निळा रंग. जास्त पडला की जांभूळ झालंच म्हणून समजा. कॉर्नफ्लोअर तळाशी बसतं, तेव्हा प्रत्येक टेकआधी ढवळा.

मानेवरच्या चाव्याला ३०-४० मिली पुरतं. शर्ट भिजवायचा असेल तर पाव लिटर लागतं. रीटेक धरून बारा मिनिटांच्या फिल्मला तीन लिटर करून ठेवा, म्हणजे पहाटे तीन वाजता कोणाला पातेलं ढवळत बसावं लागणार नाही. तोंडात घ्यायचं रक्त त्याच दिवशी केलेलं, स्वच्छ भांड्यातलं आणि वेगळ्या बाटलीत असावं. कपड्यांवरच्या रक्तात थोडा लिक्विड साबण घातला तर डाग निघायला सोपं जातं, पण त्या बाटलीवर ठळक अक्षरांत ‘तोंडात नको’ लिहा.

आता प्रकाशाकडे या. स्वस्त एलईडी बल्बच्या उजेडात लाल रंगाचा वाटा कमी असतो, त्यामुळे चांगलं रक्तही चिखलासारखं तपकिरी पडतं. उलट मोबाइल स्वतःहून लाल रंग भडक करतो आणि रक्ताचा सपाट, चमकता डाग दिसतो. व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) आणि एक्स्पोजर (कॅमेरा घेतो तो उजेड) लॉक करा, एक्स्पोजर जरा खाली ओढा आणि शूटच्या आदल्या दिवशी त्याच दिव्याखाली, त्याच कॅमेऱ्यावर रक्ताची चाचणी घ्या.

राहिल्या बारीकसारीक गोष्टी. हे मिश्रण गोड आहे, मुंग्या येणारच, म्हणून जमिनीवर प्लास्टिक अंथरा आणि प्रत्येक दृश्यानंतर पुसून घ्या. त्वचेवर आधी पेट्रोलियम जेली लावली तर रंग धरत नाही, आणि धरलाच तर खोबरेल तेलाने निघतो. रक्ताळणारा शर्ट एकसारखा तीन नग घ्या. एकच असेल तर दुसरा टेक घेताच येत नाही.

चिळकांडी हवी असेल तर ५० मिलीची नवी सिरिंज आणि फिशटँकची बारीक हवेची नळी पुरे होते. नळीसाठी मिश्रणात तेवढंच पाणी मिसळा, दाट रक्त नळीत अडतं. चिळकांडी सगळ्यांना वाटतं त्या क्षणी उडाली तर भीती. सगळं शांत झाल्यावर, कोणीतरी चहाचा कप तोंडाला लावताना उडाली तर हशा.

सुळे कसे करावेत? बाजारातल्या प्लास्टिकच्या कवळीत नटाला बोलताच येत नाही. (नाशिक)

ती कवळी लहान मुलांच्या वाढदिवसासाठी असते, तिथेच ठेवा. सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे दंतवैद्याकडून दातांचा साचा घेऊन डेंटल लॅबमधून वरच्या दोन सुळ्यांवर बसणाऱ्या अ‍ॅक्रिलिकच्या टोप्या करून घेणं. हाच खर्च सोसावा, कारण चेहरा प्रत्येक शॉटमध्ये असतो. परवडत नसेल तर थर्मोप्लास्टिकचे दाणे मिळतात. साधारण ६० अंशांच्या पाण्यात ते पारदर्शक आणि मऊ होतात. दाणे बाहेर काढून, हाताला सोसवेल एवढे निवले की ओल्या सुळ्यावर दाबून आकार द्यायचा आणि पूर्ण कडक व्हायच्या आत एकदा काढून परत बसवायचे. तसं केलं नाही तर ते दाताच्या खाचेत अडकून बसतात. झटपट चिकटणारा गोंद, नखांचा गोंद किंवा अ‍ॅक्रिलिकची पावडर-लिक्विड थेट तोंडात वापरू नका. हिरड्या भाजतात.

लांबी मूळ दातापेक्षा चार-पाच मिलिमीटर, बस. त्याहून लांब झाले की खालचा ओठ अडतो आणि ‘फ’, ‘व’, ‘स’ तिन्ही बिघडतात. संवादासाठी आखूड आणि हल्ल्याच्या क्लोजअपसाठी लांब असे दोन जोड केले तर प्रश्न मिटतो. नटाला ते सुळे आठवडाभर आधी द्या आणि रोज मोठ्याने वाचन करायला लावा. बोबडेपणाचा विनोद एकदा चालतो. पूर्ण फिल्म त्यावर ओढली तर प्रेक्षकाला संवाद कळत नाहीत, आणि न कळलेल्या संवादावर कोणी हसत नाही.

डोळ्यांसाठी लाल लेन्स घेऊ का? (पणजी)

नेत्रतज्ज्ञाने मापून दिल्या असतील तरच. एकाच्या लेन्स दुसऱ्याने घालायच्या नाहीत, आणि धूर सोडायचा असेल त्या दृश्यात तर नाहीच. दोन-तीन क्लोजअपपुरता रंग एडिटिंगमध्ये बदलणं जास्त सोपं आहे.

व्हॅम्पायरचं प्रतिबिंब आरशात दिसत नाही हे दाखवायचंय. ग्रीन स्क्रीन लागेल का? (डोंबिवली)

नाही. आधी फुकटचा उपाय बघा. एक फूट रुंदीचा आरसा भिंतीवर लावा, नटाला त्याच्या समोर दोन फुटांवर उभं करा आणि कॅमेरा बाजूला, आरशाशी ४५ अंशांत ठेवा. कॅमेऱ्याला आरशात खोलीची विरुद्ध बाजू दिसते, नट दिसत नाही. नट आरशात बघून भांग पाडतोय आणि आरशात नुसती भिंत आणि कॅलेंडर! प्रेक्षक कोन मोजत नाही. आरसा मोठा असेल तर ही युक्ती फसते, म्हणून दाढीचा आरसाच घ्या.

आरशात दुसरं पात्र दिसायला हवं आणि व्हॅम्पायर नको, असं असेल तर दोन टेक जोडावे लागतात. कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवा, फोकस, एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स सगळं मॅन्युअल. पहिल्या टेकमध्ये दोघंही. मग व्हॅम्पायर बाहेर जातो आणि दुसरं पात्र तीच हालचाल पुन्हा करतं. एडिटिंगमध्ये आरशाच्या चौकटीपुरता मास्क करून, म्हणजे तेवढाच भाग वेगळा कापून, दुसऱ्या टेकमधला आरसा पहिल्यावर बसवायचा. दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत हे होतं. इथे फसतं ते तीन कारणांनी. एक, व्हॅम्पायरचं डोकं किंवा खांदा आरशाच्या चौकटीवर येतो आणि मग फ्रेम-फ्रेम कोरत बसावं लागतं. म्हणून जमिनीवर टेपने त्याच्या उभं राहण्याची खूण करा. दोन, दोन टेकमध्ये खिडकीतला उजेड बदलतो. पडदे लावून दिव्यांवर शूट करा. तीन, दुसऱ्या पात्राची नजर चुकते. व्हॅम्पायरच्या डोळ्यांच्या उंचीवर स्टँडला चेंडू लावून ठेवा.

आणखी एक जुनी नाटकी पद्धत आहे. आरशाऐवजी रिकामी चौकट, पलीकडे हुबेहूब उलटी खोली आणि दुसऱ्या पात्राचा डुप्लिकेट. जागा आणि सामान दुप्पट लागतं, त्यामुळे छोट्या टीमने त्या वाटेला जाऊ नये.

रात्रीचं शूट केलं तर सगळं काळं आणि दाणेदार आलं. (अमरावती)

रात्र काळोखात शूट करायची नसते. सूर्य मावळल्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं आकाश निळं असतं. बाहेरचे मोठे शॉट तेव्हा घ्या. त्यासाठी तालीम दुपारीच उरकलेली हवी. क्लोजअप नंतर, काळोख पडल्यावर, दोन एलईडी पॅनलवर करता येतात : एक पात्राच्या मागून, जरा निळसर, केस आणि खांदे उठवायला, दुसरा समोरून थर्माकोलच्या शीटवर आपटून आलेला. जमीन पाण्याने भिजवली की मागचा प्रकाश चमकतो आणि रिकामा बोळ भरलेला वाटतो. दिवसा शूट करून रात्र भासवायची असेल तर व्हाइट बॅलन्स ३२०० केल्व्हिन, एक्स्पोजर दीड-दोन स्टॉप खाली (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा), सूर्य पात्राच्या मागे आणि आकाश फ्रेमबाहेर. आकाशाचा तुकडा जरी आला तरी सोंग उघडं पडतं.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट आणि स्वस्त बल्ब लुकलुकतात. ते एडिटिंगमध्ये नीट जात नाही.

भयपटात चेहरा अर्धा झाकला तर चालतो. भय-विनोदीत नाही. हसू डोळ्यांवरून येतं, तेव्हा सगळ्यात काळ्या शॉटमध्येही डोळ्यांत एक ठिपका उजेडाचा हवा.

ड्रॅक्युला मराठी घरात आणला तर ओढूनताणून वाटेल का? आणि ते नाव वापरायला परवानगी लागते का? (पुणे)

दुसरं आधी. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ ची, लेखक वारला १९१२ मध्ये. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, तेव्हा ती मुदत केव्हाच संपली. मात्र कुठल्याही नंतरच्या चित्रपटातली वेशभूषा, संवाद किंवा संगीत जसंच्या तसं उचलू नका. १९२२ च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटाने पात्रांची नावं बदलून कादंबरी परवानगीशिवाय वापरली. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला आणि १९२५ मध्ये प्रती नष्ट करायचा हुकूम झाला. काही प्रती वाचल्या म्हणून आज तो बघता येतो.

आता मराठी घर. आपल्याकडे मुंजा, हडळ, खवीस, समंध असताना परका कशाला, हा आक्षेप येईल. उत्तर असं की व्हॅम्पायरला नियम आहेत : बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही, लसूण सोसत नाही, आरशात दिसत नाही, उन्हात टिकत नाही. हे नियम आपल्या घराशी जागोजागी टक्कर घेतात. अनोळखी सेल्समनलाही ‘आत या, पाणी घ्या’ म्हणणारी आजी ही त्याच्यासाठी पर्वणी, आणि निघताना तिनेच दिलेलं ‘परत या हं’ हे कायमचं आमंत्रण. तीच आजी पुढ्यात भाकरी आणि लसणाची चटणी ठेवते, आणि ‘नको’ ऐकून घेत नाही. सोसायटीच्या गेटवर वॉचमन रजिस्टरमध्ये ‘कोणाकडे?’ विचारतो, तेव्हा चारशे वर्षांचा सरदार खाली मान घालून फ्लॅट नंबर लिहितो.

अट एकच : नियम पहिल्या तीन मिनिटांत सांगून टाका आणि नंतर मोडू नका. विनोदासाठी लसूण एकदा बाधला आणि पुढच्या दृश्यात बाधला नाही, तर भीतीही गेली आणि गंमतही. व्हॅम्पायरचं काम करणाऱ्या नटाने स्वतःला विनोदी समजू नये. त्याला खरोखर भूक लागलेली आहे.

मॉक्युमेंटरी केली तर स्वस्त पडेल, असं ऐकलंय. (बेळगाव)

मॉक्युमेंटरी म्हणजे माहितीपटाचं सोंग घेतलेली काल्पनिक फिल्म. ती स्वस्त पडेल, पण एडिटिंग महाग पडतं. २०१४ चा न्यूझीलंडचा ‘व्हॉट वी डू इन द शॅडोज’ हे याचं ठळक उदाहरण. तायका वाइटिटी आणि जेमेन क्लेमंट यांनी आधी २००५ मध्ये याच कल्पनेवर लघुपट केला होता. मोठ्या चित्रपटात नटांना उत्स्फूर्त बोलायला मोकळं सोडलं होतं, आणि त्यामुळे शंभराहून अधिक तासांचं चित्रण झालं. तुम्ही प्रत्येक दृश्याला तीन टेकची मर्यादा घाला : एक लिहिल्याप्रमाणे, दोन मोकळे. या प्रकारात हातातला कॅमेरा आणि साधा उजेड खपून जातो. आवाज मात्र खपत नाही, कॉलर माइक प्रत्येकाला हवाच.

शेवटी उन्हात व्हॅम्पायर जळून राख होतो. आग कशी दाखवू? (रत्नागिरी)

आग दाखवू नका. सुती झगा, केसांचा स्प्रे आणि ज्योत हे एकत्र आलं की अपघात ठरलेला. सूर्यप्रकाशाने मरण ही गोष्टच ‘नोस्फेराटू’पासून रूढ झाली, स्टोकरचा ड्रॅक्युला दिवसाही हिंडतो. तेव्हा तुमचा व्हॅम्पायर नुसता भाजून लाल झाला आणि छत्री मागू लागला, तरी मूळ पुस्तकाची हरकत नाही.

राखच हवी असेल तर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून पहिल्या शॉटमध्ये नट दारात, उजेड वाढत जातो. दुसऱ्या शॉटमध्ये त्याच जागी कपडे उभ्या माणसाने टाकावेत तसे ढीग होऊन पडलेले, वर चाळलेली मुलतानी माती आणि थोडी कोळशाची पूड. फ्रेमबाहेरून हेअर ड्रायर कमी वेगावर. नाकातोंडावर मास्क सगळ्यांनी लावायचे आणि वारा माणसांकडे नको. मधला बदल पांढऱ्या झोताने झाकायचा, चार फ्रेम पुरतात. मग चपला. शेजारी शेजारी, अंगठ्यातून बारीक धूर. त्यावर कॅमेरा रेंगाळू द्या आणि संगीत टाकू नका.

एडिटिंग झालं, पण कोणी हसत नाही. (ठाणे)

बहुतेक वेळा संगीतामुळे. दचकवायचा ठणका विनोदाच्या शेवटच्या शब्दावर आला की तो शब्दच ऐकू येत नाही. ठणका आधी, मग पूर्ण शांतता, मग वाक्य. दुसरं कारण घाईचा कट : ऐकणाऱ्याचा चेहरा आठ-दहा फ्रेम जास्त धरून बघा. शांतता म्हणजे आवाज बंद नव्हे, म्हणून प्रत्येक जागेचा तीस सेकंदांचा नुसता आवाज शूटच्या वेळीच रेकॉर्ड करून ठेवा. चाव्याचा आवाज काकडी मोडून आणि ओला फडका पिळून होतो. पंखांच्या फडफडीला छत्री भराभर उघड-मीट करा.

वटवाघूळ कुठून आणू? आणि सेन्सॉरचं काय? (सोलापूर)

खरं वटवाघूळ आणू नका. चित्रीकरणात प्राणी वापरायला प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लागते, शिवाय तो जीव हाल सोसतो आणि चावतो. छत्रीचं काळं कापड, तारेचा सांगाडा आणि काळी रंगवलेली काठी पुरे. बाहुली आहे हे दिसलं तरी बिघडत नाही. १९९३ च्या ‘झपाटलेला’मध्ये रामदास पाध्ये यांच्या बाहुलीला मराठी प्रेक्षक घाबरले, हसले आणि अजून विसरलेले नाहीत. फक्त ती काठी फ्रेममध्ये येऊ देऊ नका आणि एका शॉटला दोन सेकंदांहून जास्त दाखवू नका.

फिल्म फक्त यूट्यूबवर टाकणार असाल तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही, थिएटरात लावायची तर लागतं. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या) गटात ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग आहेत. रक्त किती दाखवता त्यावर तुमचा गट ठरेल. रस्त्यावर रात्री शूट करताना पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवा, सोसायटीचं पत्र जवळ ठेवा आणि रक्ताळलेल्या नटाला तसाच पानाच्या टपरीवर पाठवू नका.