‘ब्लोआउट कोम’वरून चाहते एवढे का भांडतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नव्वदच्या दशकातलं हिप-हॉप नुकतंच ऐकायला लागलोय, नाझ आणि बिगी हे रॅपर ऐकून झाले, जुने चाहते डिगेबल प्लॅनेट्स या रॅप त्रिकुटाच्या ‘ब्लोआउट कोम’ला त्या काळातला सगळ्यात उपेक्षित अल्बम म्हणतात आणि बाकीचे म्हणतात की झोप येते, तर नक्की काय आहे त्यात?

झोप येते हे खरंय. मलाही यायची. हॉस्टेलवर असताना एका मित्राने मला एमपीथ्रीची सीडी दिली होती, वर मार्करने ‘जॅझ रॅप’ लिहिलेली. तिच्यात या मंडळींचे दोन्ही अल्बम होते आणि फायलींची नावं नुसती ट्रॅक १, ट्रॅक २. पहिला अल्बम मी झिजेपर्यंत ऐकला. दुसरा लागला की पुढे ढकलायचो. कॉम्प्युटरला लावलेल्या त्या दोन टिचभर स्पीकरांतून बास यायचाच नाही, आणि बास काढून घेतला तर या अल्बममध्ये उरतं काय? शेजारच्या खोलीत चारजण काहीतरी बोलतायत आणि आपल्याला बोलावलेलं नाही, असं वाटायचं.

आधी नावाचं सांगतो, कारण मराठीत लिहिताना सगळे इथे अडखळतात. ‘कोम’ म्हणजे कंगवा, शेवटचा ब उच्चारत नाहीत. ‘ब्लोआउट कोंब’ लिहिलंत तर मटकीला फुटलेला कोंब डोळ्यासमोर येतो. हा लांब दातांचा कंगवा असतो, कुरळे केस वर उचलून गोल फुलवायचा. साठ-सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या काळ्या तरुणांनी केस सरळ करून घेणं सोडलं आणि अफ्रो वाढवला, तेव्हा असा कंगवा मागच्या खिशात खोचून फिरणं हेच एक विधान होतं. अल्बमच्या आतला कागद बघितला की नाव कुठून आलं ते कळतं. तो थेट ब्लॅक पँथर या काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या पक्षाच्या वर्तमानपत्रासारखा मांडलाय. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिने नाव त्याच पक्षावरून घेतलं होतं, त्यामुळे आपल्याला तो कागद अगदीच परका वाटायचं कारण नाही.

आता थोडी हकिकत. पहिला अल्बम ‘रीचिन’ १९९३ च्या फेब्रुवारीत आला. त्यातलं ‘रिबर्थ ऑफ स्लिक’ तुम्ही नक्की कुठेतरी ऐकलं असणार, निदान जाहिरातीत किंवा एखाद्या कॅफेत. जॅझ ड्रमर आर्ट ब्लेकीच्या जॅझ मेसेंजर्स या बँडच्या एका तुकड्यावर उभं केलेलं, चालता चालता गुणगुणावं असं गाणं. बिलबोर्डच्या मुख्य यादीत ते १५ व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि १९९४ मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं. तेव्हा जॅझ आणि रॅपचं लग्न लावायची लाटच होती. ‘गुरू’ नावाच्या रॅपरचं ‘जॅझमॅटाझ’ही १९९३ चंच. सगळ्यांना वाटलं, ही गुणी मुलं आता आणखी एक ‘स्लिक’ देतील. त्यांनी १९९४ च्या ऑक्टोबरात हे दिलं. गुणगुणण्यासारखं एकही गाणं नाही, दोन-दोन गाणी सात मिनिटांच्या घरातली, आणि पहिल्याच गाण्याचं नाव, ‘द मे फोर्थ मूव्हमेंट’, ऐकून चीनमधली १९१९ ची विद्यार्थी चळवळ आठवावी. लोकांनी पाठ फिरवली. पुढच्या वर्षी गट फुटला.

चाहत्यांचं भांडण सुरू होतं ते इथून: हा पडला का? एक गट म्हणतो, कंपनीने मारला. पहिला अल्बम एलेक्ट्रामार्फत बाजारात गेला होता, दुसऱ्याच्या वेळी वितरण ईएमआयकडे गेलं, आणि अशा बदलात मधल्यामध्ये पोरकं होणारे अल्बम हिप-हॉपमध्ये पैशाला पासरी आहेत. असेल. दुसरा गट म्हणतो समीक्षकांना तो कळला नाही. हे मात्र साफ चूक आहे. समीक्षकांनी तेव्हाही त्याचं चांगलं कौतुक केलं होतं. विकत घेणाऱ्यांनी घेतला नाही एवढंच. उपेक्षेची गोष्ट जरा जास्त करुण व्हावी म्हणून समीक्षकांना खलनायक करायची आपल्या चाहत्यांना सवयच आहे. तिसरा गट म्हणतो राजकारण नडलं. त्याच दशकात त्याहून कितीतरी भडक राजकारण करणारे अल्बम लाखांनी खपले होते, तेव्हा हेही मला पटत नाही.

माझ्या मते खरं कारण मिक्समध्ये, म्हणजे कुठला आवाज किती मोठा ठेवलाय त्यात आहे, आणि तिथे मला थोडं बोलायचा अधिकार आहे.

कॉलेजनंतर काही वर्षं मी पुण्यात वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांना साउंडवर बसायचो. गायक कितीही मोठा असो वा हौशी, पहिल्या अंतऱ्यानंतर तो तुमच्याकडे बघतो आणि एक बोट वर करतो: माझा आवाज वाढव. मग ढोलकीवाला बघतो. मग कीबोर्ड. शेवटी सगळंच वाढतं आणि पहिल्या रांगेतले आजोबा कानात कापूस घालतात. तर अशी बरीच वर्षं काढल्यावर एका रात्री गाडीत, सामान पोचवून परत येताना, ती जुनी सीडी लावली. टेम्पोवाल्याने स्वतःच्या हौसेने सीटमागे मोठा वूफर बसवला होता. ‘ब्लॅक इगो’ सुरू झालं आणि मी ताडकन सरळ बसलो. इथे कोणीच बोट वर केलेलं नाही! आवाज मुद्दाम खाली ठेवलेत, बासच्या बरोबरीने, काही ठिकाणी त्याच्याही खाली. गिटार येते, ड्रम घोटत राहतात, आणि तीन माणसं त्या सगळ्याच्या मधोमध बसून बोलतायत, समोर येऊन नाही.

रॅपमध्ये हे करणं म्हणजे जवळपास धंद्याविरुद्ध जाणं. रॅपर म्हणजे पुढे उभा राहून ‘मी’ म्हणणारा माणूस, आणि १९९४ मध्ये तर तो ‘मी’ ऐन भरात होता. या तिघांनी नावंही किड्यांची घेतली होती: बटरफ्लाय, लेडीबग मेका, डूडलबग. मुंग्या-मधमाश्या जशा मिळून काम करतात तसं आपण करायचं, ही त्यामागची कल्पना. पहिल्या अल्बममध्ये ती नुसती नावापुरती होती. दुसऱ्यात ती फेडरवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या दांड्यांवर आली. हे चुकून झालं असेल, नवशिके होते, असं म्हणणारेही भेटतात. त्यांनी बटलरचं, म्हणजे बटरफ्लायचं, पुढचं काम ऐकावं. शबाझ पॅलेसेस या नावाने त्याने २०११ मध्ये ‘ब्लॅक अप’ काढला, त्यात आवाज आणखी खोल गेलाय. माणसाला तसंच ऐकू येतं.

ही झाली माझी बाजू. माझा तो सीडीवाला मित्र मात्र इथेच मला पकडतो. त्याचं म्हणणं, “अरे, घोषणा द्यायच्या तर ऐकू येतील अशा तरी द्या. तुझा बटलर काय बोलतोय ते दहाव्यांदा ऐकूनही मला कळलं नाही, आणि कळलं तेव्हा ते अर्धवट वाक्य निघालं.” यात तथ्य आहे. गाण्यांत मतं आहेत, नावं आहेत, खुणा आहेत. सलग मांडणी नाही. ज्याला संदर्भ ठाऊक आहे तो मान डोलावतो, ज्याला नाही तो बाहेर. त्यातल्या त्यात ‘डायल ७’ मध्ये सॅरा वेब गायला येते तेव्हा गोष्ट उघड होते, कारण गाणारा गळा बासखाली दाबता येत नाही. आणि ‘ग्राफिटी’मध्ये पाहुणा म्हणून आलेला रॅपर जेरू द डमाजा असा खणखणीत बोलतो की शिबिरात कुजबुज चालू असताना कोणीतरी दार उघडून आत यावं. मला ते आवडतं. मित्र म्हणतो, बघ, एक माणूस नीट बोलला तर केवढा फरक पडतो.

अल्बमचा उत्तरार्ध सैल आहे हेही मी कबूल करतो. एकाच चालीत, एकाच वेगात दोन-तीन गाणी लागोपाठ येतात आणि ‘द आर्ट ऑफ ईझिंग’च्या आसपास माझंही लक्ष आजही चहाकडे जातं.

पण ज्या गोष्टीसाठी मी हा अल्बम बिगीच्या शेजारी ठेवतो ती वेगळीच आहे. तुम्ही बिगीचा ‘रेडी टू डाय’ ऐकलाय. तो याच्या जेमतेम महिनाभर आधी, १९९४ च्या सप्टेंबरात आला. बिगी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, सेंट जेम्स प्लेस या रस्त्यावर वाढला. डिगेबल प्लॅनेट्सचा मोहल्ला, फोर्ट ग्रीन, तिथून पायी वीस-पंचवीस मिनिटांवर. एकाच ब्रुकलिनमधून, एकाच मोसमात निघालेले दोन अल्बम, आणि दोन वेगळी शहरं वाटावीत इतके निराळे. बिगीच्या गल्लीत भीती आहे, गिऱ्हाईक आहे, आईची चिंता आहे आणि इथून सुटायची घाई आहे. ‘ब्लोआउट कोम’च्या गल्लीत न्हाव्याचं दुकान आहे, कोपऱ्यावर गप्पा आहेत, खिडकीतून येणारी जॅझवाल्या रॉय एअर्सची रेकॉर्ड आहे. ‘बरो चेक’ हे गाणं तर त्याच्या ‘वुई लिव्ह इन ब्रुकलिन, बेबी’ या १९७२ च्या गाण्यावरच उभं आहे, आणि त्यात गुरू येऊन आपल्या त्या सपाट, न चढणाऱ्या आवाजात मोहल्ल्याची हजेरी घेतो.

बिगीचे भक्त यावर म्हणतात की हे गोड चित्र खोटं आहे, बाहेरच्यांनी रंगवलेलं. आणि खरंच, तिघांतला एकही ब्रुकलिनचा नाही! बटलर सिएटलचा. डूडलबग फिलाडेल्फियाचा. मेकाचे आईवडील ब्राझीलचे आणि ती वाढली मेरीलँडमध्ये. गंमत म्हणजे पाहुण्या गुरूचं मूळ गावही बॉस्टन. भक्तांना वाटतं इथे खटला संपला. मला वाटतं इथे तो सुरू होतो.

मी मिरजेहून पुण्यात आलो तेव्हा पहिल्या वर्षी पेठांची नावं तोंडात सारखी घोळवायचो. अमुक बोळातून तमुक बोळात निघतं, हा वाडा, तो हौद, इथला चहा, तिथली मिसळ. गावी फोन केला की आईला सगळा नकाशा ऐकवायचो. माझा रूममेट जन्मापासून कसब्यातला, त्याने यातलं एकही नाव कधी प्रेमाने घेतलं नाही. त्याला फक्त कुठे गाडी लावली तर उचलून नेतात एवढं माहीत होतं, आणि कर्वेनगरला फ्लॅट कधी घेतो असं झालं होतं. आता यातला कोण खोटं बोलत होता? बाहेरून आलेला माणूस कोपरे मोजतो, कारण ते त्याला कोणी दिलेले नसतात. तिथलाच असलेला माणूस बाहेरचा रस्ता मोजतो. ‘ब्लोआउट कोम’ हा असा कोपरे मोजणाऱ्यांचा अल्बम आहे, आणि शेवटच्या गाण्याचं नावच ‘फॉर कॉर्नर्स’ आहे, म्हणजे कोपऱ्यांसाठी. आवाज खाली का ठेवलेत तेही मग मला कळल्यासारखं वाटतं. नव्या मोहल्ल्यात आलेला शहाणा माणूस पहिल्याच दिवशी कट्ट्यावर मोठ्याने बोलत नाही.

आज तिथलं फोर्ट ग्रीन तसं राहिलेलं नाही. भाडी चढली, जुनी माणसं पांगली, दुकानं बदलली. त्यामुळे ज्याला १९९४ मध्ये ‘जरा जास्तच गोड’ म्हटलं गेलं असतं ते आता दस्तऐवजासारखं ऐकलं जातं. २०१३ मध्ये ‘लाइट इन द अ‍ॅटिक’ या रेकॉर्ड कंपनीने त्याची रेकॉर्ड पुन्हा काढली तेव्हापासून चाहत्यांची नवी पिढी आली, आणि तिच्याबरोबर ‘हा पहिल्या अल्बमपेक्षा कितीतरी वरचा’ म्हणणारे वाढले. मी त्यांच्यात आहे, पण ‘रीचिन’ला उथळ म्हणणाऱ्यांबरोबर नाही. ‘रीचिन’ नसता तर दुसरा कोणी काढूच दिला नसता.

तुम्ही ऐकणारच असाल तर मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका, अजिबात नाही. चांगले हेडफोन नाहीतर कोणाची तरी गाडी. क्रमाने जाऊ नका. आधी ‘ब्लॅक इगो’, मग ‘जेटिन’, मग ‘बरो चेक’. ही तीन लागली नाहीत तर सोडून द्या, अपराधी वाटून घेऊ नका. लागली तर सुरुवातीपासून लावा आणि शब्द पकडायचा प्रयत्न पहिल्या खेपेला करूच नका.

मित्र अजून ‘रीचिन’वरच आहे. त्याची ती मार्करवाली सीडी माझ्याकडे पडून आहे, दर दिवाळीला मी ती परत देतो म्हणतो. तो म्हणतो, अर्धी तुझ्याकडेच राहू दे.