ओलावा मोजणारा पहिला सेन्सर बसवताना

डाळिंबाच्या बागेतील ठिबक मोबाइलवरून चालवण्याची तुमची इच्छा योग्यच आहे. परंतु मोटरला हात लावण्यापूर्वी एक हंगाम केवळ जमिनीतील ओलावा मोजावा, असे मी आग्रहाने सांगेन. उघड्या धातूच्या दोन टोकांचा स्वस्त सेन्सर घेऊ नका, कारण त्यातून वीज वाहते तसतशी टोके गंजतात आणि आकडे बिघडतात. त्याऐवजी कपॅसिटिव्ह सेन्सर, म्हणजे धातू मातीला उघडा न लागता ओलावा ओळखणारा सेन्सर घ्या, त्याच्या वरच्या उघड्या सर्किटला इपॉक्सीचा लेप द्या आणि तो ड्रिपरजवळ, पांढऱ्या मुळ्यांच्या खोलीवर बसवा. काळ्या मातीतील आकडा मुरमाड जमिनीला लागू पडत नाही, म्हणून आपल्याच शेतातील कोरडी माती आणि वाफशावरची माती यांच्या नोंदी घेऊन पाणी कधी द्यायचे याची मर्यादा ठरवा. सेन्सर वाचायला ईएसपी ३२ हा वाय-फाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड वापरत असाल तर सेन्सर एडीसी १ च्या पिनवर जोडा. एडीसी म्हणजे सेन्सरचा विद्युतदाब आकड्यात बदलणारा बोर्डचा भाग, असे दोन भाग त्यात असतात. वाय-फाय चालू असताना एडीसी २ भरवशाचा नाही. शेत घरापासून दूर असल्यास लोरा, म्हणजे कमी विजेत लांबवर माहिती पाठवणारी रेडिओ पद्धत, उपयोगी पडते. मात्र मॉड्यूल भारतात परवान्याविना खुल्या असलेल्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ पट्ट्याचेच घ्या. पुढे मोटर जोडाल तेव्हा नेटवर्क गेले तरी ठरलेल्या वेळेनंतर ती आपोआप बंद होईल, अशी सोय शेतावरच्या कंट्रोलरमध्येच करा.