ऐंशीच्या गायकाचा तरणा अल्बम: हिरवा देठ, चिरतरुण की आणखी काही?

विचारणा: दादरला आम्ही काही मित्रमैत्रिणी महिन्यातून एकदा एकत्र बसून गाणी ऐकतो. सगळे साठीच्या अलीकडे-पलीकडे. मागच्या बैठकीत रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडचा ‘हॅकनी डायमंड्स’ हा अल्बम लावला होता. ऐकून झाल्यावर एकजण त्यांचा गायक मिक जॅगर याच्याबद्दल म्हणाला, “पिकलं पान, पण देठ हिरवा!” त्यावर एक मैत्रीण उखडली. हे कौतुक नाही, टवाळी आहे, असं तिचं म्हणणं. दुसरीने ‘चिरतरुण’ सुचवला, कोणाला ‘सदाबहार’ हवा होता, आणि एकाने ‘शिंगं मोडून वासरांत शिरलाय’ म्हणून निकालच लावून टाकला. ऐकलेल्या प्रत्येक अल्बमबद्दल आम्ही वहीत एक ओळ लिहितो. या अल्बमची ओळ अजून कोरी आहे. नेमका शब्द कोणता? आणि जाता जाता, ‘तरुण’ की ‘तरूण’?

उत्तर: तुमच्या मैत्रिणीचं बरोबर आहे. ‘पिकलं पान, देठ हिरवा’ हे वरवर पाहता झाडाचं वर्णन, पण मराठीत ते बहुतेक वेळा पुरुषावर वापरलं जातं, आणि वय झालं तरी नजर अजून ठिकाणावर आलेली नाही असं त्यात सुचवायचं असतं. ‘हिरवट’ हे विशेषण त्याच जातीचं. ‘हिरवट म्हातारा’ म्हटल्यावर ‘उत्साही आजोबा’ असा अर्थ कोणी घेत नाही. लावणीने आणि तमाशातल्या बतावणीने या हिरवेपणाशी इतका खेळ केला आहे की, आता सरळ मनाने कोणी तो शब्द वापरला तरी ऐकणाऱ्याच्या ओठाच्या कोपऱ्यात हसू येतंच. जॅगरच्या बाबतीत तर ते अधिकच सहज येणार, कारण त्याची सारी रंगमंचीय कीर्ती ओठांची आणि कमरेची. पण तुमच्या मित्राला बोलायचं होतं गाण्याबद्दल. शब्दाने त्याला भलत्याच गल्लीत नेलं.

यात त्याची एकट्याची चूक नाही. म्हातारपणी तरुणासारखं वागणाऱ्या माणसाला नावं ठेवण्यात मराठीचा हात कोणी धरणार नाही. म्हातारचळ, घोडनवरा, साठी बुद्धी नाठी, शिंगं मोडून वासरांत शिरणं: सगळी टोचणारी आयुधं. ‘थेरडा’ हा शब्दच बघा. संस्कृत ‘स्थविर’चं प्राकृतात आणि पालीत ‘थेर’ झालं. बौद्ध संघात थेर म्हणजे वडीलधारा, आदरणीय भिक्खू. ‘थेरवाद’ या नावात तो मान आजही शाबूत आहे. मराठीत आल्यावर त्याच ‘थेर’ला ‘डा’ जोडला गेला आणि शिवी तयार झाली. म्हाताऱ्याने शांत बसावं, देवाचं नाव घ्यावं, ही अपेक्षा भाषेत इतकी खोल मुरली आहे की, त्याने उसळी मारलेली आवडली तर ते सांगायला चटकन शब्द सापडत नाही. तुमची ओळ कोरी राहिली त्याचं कारण मला हेच दिसतं.

आता ‘शिंगं मोडून वासरांत’. हा वाक्प्रचार इथे लागू आहे का ते तपासायला हवं, कारण तो दुसऱ्याच्या कळपात घुसणाऱ्याबद्दल आहे. जॅगर कोणाच्या कळपात घुसला? बँड सुरू झाला १९६२ साली. आज ज्यांना वासरं म्हणायचं त्यांतल्या कित्येकांनी रॉक गायकाने मंचावर कसं चालायचं, शब्द कसा चावून टाकायचा, हे याच माणसाकडे बघून उचललं. ज्याने कळप वसवला त्याला ‘वासरांत शिरला’ म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

तरी त्या मित्राच्या बोलण्यात एक खरी गोष्ट दडलेली आहे आणि ती सोडून देऊ नये. अल्बमचा निर्माता अँड्र्यू वॉट हा १९९० सालचा जन्म. म्हणजे जॅगरपेक्षा ४७ वर्षांनी लहान. ध्वनिमुद्रणाला आजच्या काळाची चकाकी आहे. सगळी वाद्यं अगदी पुढे, सगळं घासूनपुसून लख्ख. पुष्कळ जुन्या श्रोत्यांची तक्रार नेमकी याच लख्खपणाबद्दल आहे, आणि मलाही दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यात तो खुपतो. पण मग तसं म्हणावं. त्यासाठी मराठीत फार नेमका शब्द आहे, ‘ओढूनताणून’. ओढूनताणून आणलेलं चंद्रबळ, असं आपण म्हणतो. ही तक्रार कारागिरीबद्दलची होते, गायकाच्या वयावर जात नाही. ‘शिंगं मोडून’ म्हटलं की माणूसच बाद होतो.

‘चिरतरुण’ हा सुंदर शब्द आहे, आणि म्हणूनच तो जपून वापरावा. ‘चिर’ म्हणजे दीर्घकाळ टिकणारं. चिरतरुण म्हणजे ज्याला म्हातारपण शिवलंच नाही. मुंबईत हा शब्द सर्वांत जास्त कोणाला लागला असेल तर तो आशाताईंच्या आवाजाला. २००५ साली, सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी क्रोनोस क्वार्टेट या तंतुवाद्यं वाजवणाऱ्या अमेरिकन चौकडीबरोबर पंचमची गाणी पुन्हा गाऊन एक अल्बम केला. तो ऐका. लाडिकपणा, खट्याळपणा, श्वासाची ती हलकी उचल, सगळं जागच्या जागी. तिथे ‘चिरतरुण’ अगदी चपखल बसतो. जॅगरच्या या अल्बमचं तसं नाही. त्याच्या आवाजात वय आहे आणि ते ऐकू येतं, विशेषतः शेवटच्या गाण्यात. ते मडी वॉटर्स या अमेरिकन गायकाचं १९५० सालचं ब्लूज गाणं, ज्यावरून या बँडने आपलं नाव घेतलं. एवढी वर्षं लोटल्यावर त्यांनी ते पहिल्यांदा अल्बमवर घेतलं, आणि तेही फक्त दोघांनी मिळून: कीथ रिचर्ड्सची गिटार, जॅगरचा गळा आणि माउथ ऑर्गन. तिथे आवाजाची कड खरखरीत होते, ओळीच्या शेवटी किंचित झिजते. ही झीज सुंदर आहे. तिला चिरतरुण म्हटलं तर आपण ती ऐकलीच नाही असं होईल.

‘सदाबहार’ लगेच बाजूला काढता येतो. ‘बहार’ फारसीतला, वसंत. वर्षं उलटली तरी ज्याचा बहर ओसरला नाही ते सदाबहार. हा शब्द गाण्याला लागतो आणि काळ गेल्यावरच लागतो. रेडिओवर ‘सदाबहार गीतं’ लागतात ती जुनीच असतात. २० ऑक्टोबर २०२३ ला आलेला अल्बम सदाबहार आहे की नाही हे ठरवायला पुरेसे वसंत तरी जाऊ द्यायला हवेत.

तुम्ही विचारलं नाहीत, पण अशा चर्चेत हमखास येणाऱ्या ‘या वयातही’बद्दल दोन शब्द. त्यातला ‘ही’ फार काम करतो. ‘ऐंशीव्या वर्षी गातो’ ही माहिती झाली. ‘ऐंशीव्या वर्षीही गातो’ म्हटलं की त्यात आश्चर्य आलं, आणि आश्चर्याच्या मागून सवलत आली. आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शनाच्या सत्कारात ‘ऐंशी वर्षांचे तरुण’ म्हणायची प्रथा आहे. त्या समारंभात ते शोभतं, कारण तिथे वयाचाच सोहळा असतो. जॅगरचा जन्म २६ जुलै १९४३ चा, म्हणजे अल्बम आला तेव्हा तोही सहस्रचंद्रदर्शनाच्या उंबरठ्यावरच होता. पण श्रोत्याने सवलत देऊ नये असं मला मनापासून वाटतं. ७ एप्रिल २००३ ला हा बँड ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवून गेला तेव्हा जॅगर साठीला टेकला होता. तेव्हाही चर्चगेटला परतणाऱ्या गर्दीत ‘या वयात!’ हेच ऐकू येत होतं. दोन दशकं गेली, शब्द तोच. ज्या शब्दाने साठीचं आणि ऐंशीचं गाणं सारखंच वर्णन होतं, तो गाण्याबद्दल काहीच सांगत नाही.

मग काय म्हणावं? वयाकडे पाठ करून आवाजाकडे वळलं की मराठी एकदम श्रीमंत होते. आपल्या संगीतात आणि रंगभूमीवर गळ्याच्या एकेका गुणाला वेगळं नाव आहे. पहिला ‘दमसास’. अकरावं गाणं सात मिनिटांहून मोठं आहे. सोबतीला लेडी गागाचा गळा आणि स्टीव्ही वंडरच्या सुरावटी. गाणं संपलं असं वाटतं, वाद्यं थांबतात, आणि मग ते पुन्हा उठतं; जॅगर आणि गागा एकमेकांना चढवत वर नेतात. इथे जे ऐकू येतं तो दमसास. २०१९ च्या एप्रिलमध्ये ज्याच्या हृदयाच्या झडपेवर शस्त्रक्रिया झाली आणि जूनमध्ये जो पुन्हा मंचावर उभा राहिला, त्याचा दमसास. इथे वयाचा उल्लेख करावाच लागत नाही.

दुसरा ‘शब्दफेक’. हा आपल्या नाटकवाल्यांचा शब्द. जॅगर सुरांचा राजा कधीच नव्हता, तो शब्द फेकणारा गायक आहे. चौथ्या गाण्यात बीटल्सचा पॉल मॅकार्टनी बास वाजवतो, अल्बम आला तेव्हा तोही ८१ वर्षांचा. बासचा आवाज मुद्दाम फाटका, गुरगुरणारा ठेवला आहे, आणि त्यावर जॅगर व्यंजनं अशी आपटतो की प्रत्येक शब्दाच्या शेवटी दार धाडकन बंद झाल्यासारखं वाटतं. अल्बमच्या नावातही हाच फुटकेपणा आहे. हॅकनी हा पूर्व लंडनचा भाग. गाडीची काच फोडल्यावर रस्त्यावर जो काचेचा चुरा पडतो त्याला तिथल्या बोलीत ‘हॅकनीचे हिरे’ म्हणतात.

आणि तिसरा, ज्याच्यासाठी हे सगळं लिहितो आहे, तो ‘रग’. अंगात रग आहे, तारुण्याची रग, रग जिरवली, रग उतरली. या शब्दाचं नातं तरुणपणाशी आहे, पण तो वयाचा दाखला मागत नाही. ताकद, ईर्षा, थोडा माज, कोणी डिवचलं तर अंगावर जायची तयारी, हे सगळं त्यात येतं. मला तो इथे फार योग्य वाटतो, कारण त्याला दुसराही अर्थ आहे आणि तो मुंबईकराला रोज भेटतो. लोकलमध्ये विरारपर्यंत वरची कडी धरून उभं राहिलं की हाताला रग लागते. ताण सोसून स्नायू दुखतो, तीही रगच. म्हणजे एकच शब्द जोराचाही आणि जोर लावून झालेल्या दुखण्याचाही. या अल्बममध्ये दोन्ही आहे. ‘ए बिगर बँग’नंतर १८ वर्षांनी आलेला हा नव्या गाण्यांचा पहिला अल्बम. मधल्या काळात, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, बँडचा ड्रमवादक चार्ली वॉट्स गेला. त्याने आधी वाजवून ठेवलेले ठेके फक्त दोन गाण्यांत आहेत, सातव्या आणि आठव्या. ती दोन गाणी एकामागून एक ऐकताना बाकीच्या अल्बममध्ये काय नाही ते कळतं. या उण्यासकट मंडळी उसळून वाजवतात. ‘चिरतरुण’मध्ये या दुखण्याला जागा नाही, ‘हिरवा देठ’मध्ये तर नाहीच. ‘रग’मध्ये आहे.

आमच्या घरातली मुलं अल्बम ऐकून ‘कडक’ म्हणाली. तेही मला आवडलं. पण ‘कडक’ चहालाही चालतो आणि इस्त्रीलाही, त्यामुळे वहीत लिहायला तो पुरणार नाही.

एक सावधगिरी. ‘रग’वरून ‘रगेल’ होतं: हट्टी, मस्तवाल, कोणाला न जुमानणारा. त्यावर अनुस्वार पडला की ‘रंगेल’, म्हणजे विलासी, चैनी, बायकांच्या नादी लागलेला. जॅगरच्या चरित्राला दोन्ही शब्द लागतील, गाण्याला मात्र पहिलाच लागतो. मोबाइलवर टंकताना हा ठिपका पटकन पडतो, आणि तुम्ही पुन्हा त्या हिरव्या देठापाशी येऊन पोचता. म्हणून वहीत ‘रगेल अल्बम’ लिहिण्यापेक्षा ‘रग’ हे नामच ठेवा. माझ्या मते ओळ अशी होईल: “आवाज ऐंशीचा, रग पंचविशीची, ध्वनिमुद्रण मात्र जागोजागी ओढूनताणून.” यात तुमच्या तक्रार करणाऱ्या मित्राचंही म्हणणं आलं. ‘सातवं आणि आठवं गाणं चार्लीसाठी पुन्हा ऐकणे’ अशी नोंद खाली जोडली तर उत्तमच.

राहता राहिलं ‘तरुण’. रु ऱ्हस्वच. संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द आहे, आणि ‘करुण’, ‘वरुण’, ‘अरुण’ यांच्याच पंक्तीत बसतो. ‘तरूण’ दुकानांच्या पाट्यांवर आणि गणेशोत्सव मंडळांच्या कमानींवर सर्रास दिसतो, तरी ते चूकच.